ओट्यासाठी जुन्या सागाचा फळा घडवून घेताना

पुण्यातल्या सदनिकेत स्वयंपाकघराचा ओटा म्हटला की तो ग्रॅनाइटचाच असणार, हे इतके गृहीत धरलेले असते की त्या जागी लाकूड हवे असे सांगितल्यावर ठेकेदार आधी आपले ऐकण्यात काही चूक झाली का, याची खात्री करून घेतो. आमच्या स्वयंपाकघराचे नव्याने काम काढले तेव्हा एल आकाराच्या ओट्याची लांब बाजू, जिथे शेगडी आणि सिंक आहे, ती काळ्या ग्रॅनाइटचीच ठेवायची आणि खिडकीकडची आखूड बाजू, जिथे भाजी चिरणे, कणीक मळणे, पोळ्या लाटणे आणि डबे भरणे चालते, तेवढी सागवानी करायची, असे मी ठरवले. ही विभागणी हौसेपेक्षा सोयीची होती. आपल्याकडे उतरवलेला कुकर थेट ओट्यावर टेकवायची सवय असते आणि सिंकभोवती दिवसभर पाणी असते. शिवाय सिंकसाठी भोक पाडले की लाकडाची कापलेली तोंडे उघडी पडतात आणि पाणी सर्वांत वेगाने तिथूनच आत शिरते. आईचा मात्र आखूड बाजूलाही विरोध होता. ‘‘अरे, पाणी सांडलं की दर वेळी फडकं घेऊन धावणार आहेस का?’’ असे तिने विचारले, आणि प्रश्न रास्त असल्यामुळे लाकडावर तेल द्यायचे की पॉलिश करायचे, याचा विचार मी लाकूड घेण्याच्या आधीच सुरू केला.

तयार स्वयंपाकघरे बसवून देणाऱ्या एका व्यावसायिकाकडे प्रथम चौकशी केली. त्याच्याकडे लाकडासारखा दिसणारा लॅमिनेट होता, आणि खऱ्या लाकडात केवळ रबरवुडचे छोटे तुकडे बोटांसारख्या खाचांनी जोडून केलेले तयार फळे होते. रबराच्या झाडाचे लाकूड फर्निचरसाठी वाईट नसते, पण ओलसर जागी त्याला बुरशी लवकर धरते, आणि पाण्याने काही झाले तर हमी नाही हे त्याने स्वतःच सांगून टाकले. म्हणून मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटची वाट धरली.

साग मागणाऱ्याला तिथे पहिला प्रश्न येतो तो ‘कुठला?’ असा. घाना, सुदान, इक्वाडोर, कोस्टा रिका अशी देशांची नावे भाजीच्या जातींसारखी घेतली जातात. हा बहुतेक लागवडीचा साग असतो. झाड तरुणपणी तोडलेले असल्यामुळे त्यात गाभ्याभोवतीचे पांढरट लाकूड जास्त निघते आणि कीड लागते ती त्यालाच. ‘सीपी’ म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा साग. प्रांत जाऊन सत्तरहून अधिक वर्षे झाली तरी व्यापारात त्याचे नाव टिकून आहे, आणि आलापल्ली, बल्लारशाहकडचा माल आजही याच नावाने ओळखला जातो. बर्मा सागाचा भाव ऐकून मी पुढे विचारलेच नाही. म्यानमारने २०१४ मध्ये गोल लाकडाची निर्यात बंद केल्यापासून तो माल दुर्मीळ झाला आहे आणि त्या नावाने जे काही विकले जाते, ते सगळे तिथलेच असेल असे मानायला माझे मन तयार नव्हते.

शेवटी निवड झाली ती जुन्या लाकडाची. शहरातले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, चौकटी काही वखारींत येऊन पडतात. अशा एका वखारीत चुन्याचे थर चढलेल्या, खुंट्यांची भोके आणि खोबणी असलेल्या तुळयांची रास होती. वरून राखाडी आणि निर्जीव दिसणाऱ्या एका तुळईचे टोक वखारवाल्याने रंध्याने वीतभर तासून दाखवले, तेव्हा आत मधासारखा रंग निघाला, कातड्यासारखा तो सागाचा तेलकट वास आला, आणि वर्षाची वलये इतकी दाट होती की ती नखाने मोजता येईनात. जुन्या मोठ्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड असे दिसते आणि नव्या आयात मालात ते क्वचितच मिळते. भाव घनफुटाचा असतो: लांबी आणि रुंदी फुटांत, जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले बारा. माझा फळा साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड, म्हणजे तयार माल जेमतेम १.६ घनफूट, पण घ्यावे लागले सव्वातीन. खोबणी आणि भोकेही लाकूड म्हणूनच मोजली जातात, त्यावर घासाघीस करता येते आणि करावी. करवतीचा भुसा, खिळ्यांभोवतीचा काळा पडलेला भाग आणि टोकांचे तडे यांत निम्मे लाकूड जाते हे धरूनच चालावे.

जुन्या लाकडाची खरी अडचण खिळ्यांची. कापताना पात्याखाली एक खिळा आला तरी पट्टा करवतीचे पाते जाते, म्हणून पहिल्या गिरणीने तुळया पाहताच नकार दिला. दुसऱ्या गिरणीने अट घातली की खिळे काढून आणा आणि तरीही पाते तुटले तर त्याचे पैसे द्या. ज्या सुताराकडे काम द्यायचे ठरले होते, त्यांची कार्यशाळा धायरीच्या बाजूला आहे. त्यांच्याकडे हातात धरायचा धातुशोधक होता. तो तुळईवरून फिरवत, जिथे आवाज होईल तिथे खडूने गोल काढत आणि मग पक्कड आणि छिन्नी घेऊन एकेक खिळा उपटत त्यांच्या मदतनिसाने अख्खी दुपार घालवली. निघालेले खिळे बोटभर लांब, चौकोनी अंगाचे, लोहाराने घडवलेले होते. पाते शाबूत राहिले.

यापुढचा भाग ओलाव्याचा. अशा कामात सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा तो इथेच, असे माझे मत झाले आहे. लाकूड शंभर वर्षांचे असले तरी हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे त्याने थांबवलेले नसते. ते लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते; ओलाव्यात एक टक्का फरक पडला की साग आडव्या अंगाने फार तर ०.२ टक्का फुगतो किंवा आक्रसतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये नऊ टक्क्यांवर असलेला फळा श्रावणात तेरावर गेला, तर दोन फूट रुंदीला हा फरक तीन ते पाच मिलिमीटर होतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, परंतु फळा चारही बाजूंनी जखडलेला असेल तर तेवढ्यावरही तो मधून उचलला जातो किंवा आक्रसताना तडकतो. सुतारांनी चिरलेल्या पट्ट्या मध्ये काड्या घालून, हवा खेळेल अशी थप्पी रचून काही आठवडे ठेवल्या. सुरुवातीला ओलावा मोजायचे दोन सुयांचे यंत्र चौदा दाखवत होते, नंतर दहाच्या खाली आल्यावरच जोडणी झाली. जो कारागीर हे यंत्र हसण्यावारी नेतो, त्याच्याकडे असे काम देऊ नये.

जोडणीत अडीच-तीन इंची पट्ट्या एकमेकींच्या कडेला चिकटवतात. एकसंध रुंद फळी मिळाली तर ती घ्यावी असे मला आधी वाटत होते. सुतारांनी समजावले की रुंद फळी वाटीसारखी वळते, आणि अरुंद पट्ट्या वलयांची दिशा आलटून पालटून लावल्या की एकीचे वळणे दुसरी खोडून काढते. साग तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी कडा थिनरने पुसल्या, पाण्याला टिकणारे गोंद वापरले आणि शिकंजे रात्रभर आवळून ठेवले. खुंट्यांची दोन भोके मी मुद्दाम राहू दिली आणि ती सागाच्याच गुट्ट्यांनी बुजवून घेतली.

याच काळात ओट्याखालची कपाटे करणाऱ्या ठेकेदाराशी माझे वाजले. त्याचे म्हणणे असे की कपाटांवर सलग प्लायवूड टाकू, त्यावर फेविकॉल ओतू आणि फळा दाबून बसवू, ‘‘जन्मात हलणार नाही.’’ हलू देणे हीच तर गरज होती. प्लायवूड हलत नाही, वरचे लाकूड हलते, आणि दोघे चिकटलेले असले की या ओढाताणीत वरचे हरते. शिवाय खालून हवा बंद झाली की फळ्याची एक बाजू कोरडी आणि एक ओलसर राहून तो वाकतो. बराच वाद झाल्यावर सलग प्लायवूडऐवजी आडव्या पट्ट्या ठेवायचे त्याने मान्य केले. पुढच्या कडेचे स्क्रू घट्ट आणि मागच्या पट्ट्यांतील भोके लांबट, म्हणजे फुगणारे लाकूड भिंतीकडे सरकेल, कपाटांच्या दारांवर येणार नाही. भिंतीपाशी सहा मिलिमीटर फट सोडली आणि डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइल फळा बसवल्यानंतर लावल्या, त्यामुळे ती फट टाइलच्या जाडीखाली झाकली गेली. टाइल आधी लावली असती तर ती उघडी दिसली असती आणि मग कोणीतरी ती पांढऱ्या सिमेंटने भरलीच असती.

उंचीचा हिशेबही आधीच करावा लागतो. ग्रॅनाइट अठरा मिलिमीटर, फळा अडतीस. दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत यायचे तर लाकडाखालची कपाटे वीस मिलिमीटर बुटकी हवीत. हे कपाटे कापण्याआधी सांगितले तर फुकट होते. मापही कागदावरच्या आकड्यांनी न देता हार्डबोर्डचा साचा कापून दिले, कारण आमच्या खोलीचा कोपरा काटकोनात नाही आणि बहुतेक कोणाच्याच खोलीचा नसतो. सुतारांना दिलेल्या लेखी मागणीत साचा, तयार जाडी, जोडणीच्या वेळचा ओलावा, गोंदाचा प्रकार, दोन्ही अंगांना तेल, आणि शेवटचा हप्ता पावसाळा संपल्यावर, इतके लिहिले होते. हप्त्याच्या अटीला ते तयार होणार नाहीत अशी मला धास्ती होती. त्यांनी क्षणभर विचार करून, ‘‘चालेल साहेब, पण गरम कढई ठेवलीत तर ते माझ्याकडे नाही,’’ असे म्हटले आणि तेही वाक्य मागणीत घातले.

तेल की पॉलिश, हा प्रश्न आईच्या आक्षेपामुळे आधीच सोडवलेला होता. मेलामाइन पॉलिशचा थर चकचकीत दिसतो पण ठिसूळ असतो, पाणी आत गेले की पांढरे डाग पडतात. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर, अधिक टिकाऊ असतो. मात्र सुरीने ओरखडा पडला तर पूर्ण पृष्ठभाग घासून पुन्हा मारावा लागतो. तेल पाणी अडवण्यात पीयूपेक्षा कमी असले तरी जिथे खराब झाले तिथेच पॉलिश पेपरने घासून दुरुस्त होते, म्हणून मी टंग तेल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचे सुकून घट्ट होणारे तेल, निवडले. पातळ हात, जादा तेल पुसून काढणे, सुकू देणे, पुन्हा हात. खालच्या बाजूला आणि कापलेल्या तोंडांना वरच्याइतकेच. एक सूचना सुतारांनी फार गांभीर्याने दिली: जवस किंवा टंग तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

बसवण्याचे काम सगळ्यांत सोपे गेले. तीसेक किलोचा फळा लिफ्टमध्ये उभा मावला, दोघांनी तो आत आणला, आणि ग्रॅनाइटशी येणाऱ्या सांध्यात गोंद न भरता फक्त सिलिकॉन भरले.

वापरात डाग पडतातच. हळदीचा डाग पुसून जात नाही, पण खिडकीतल्या उन्हाने काही दिवसांत फिका पडतो, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. लोखंडी तवा किंवा विळी ओली राहिली तर मात्र काळा ठसा उमटतो; लोह आणि लाकडातली द्रव्ये यांची ती प्रक्रिया असते. असा एक ठसा ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने काढला. ते विषारी असल्याने हातमोजे घालून, नंतर भरपूर पाण्याने पुसून आणि पूर्ण सुकल्यावर पुन्हा तेल देऊन. दर काही महिन्यांनी, पाण्याचा थेंब मण्यासारखा न राहता पसरू लागला की, तेलाचा एक हात देतो. आई आता तिथेच पोळ्या लाटते. लाकडाबद्दल ती चांगले बोललेली नाही, मात्र फडके तिनेच तिथे अडकवून ठेवले आहे.

खर्च तेवढ्याच क्षेत्राच्या चांगल्या ग्रॅनाइटच्या साधारण तिप्पट आला. त्यात लाकडाचा वाटा निम्म्याहून कमी होता, बाकी सगळी मजुरी: खिळे काढणे, चिरणे, जोडणे, घासणे. पावसाळ्यानंतर सुतार आले, मागच्या कपाटात बॅटरी घेऊन वाकले आणि लांबट भोकांत स्क्रूने कुठवर जागा घेतली ते पाहिले. ती चार मिलिमीटरच्या आत होती. एका पट्टीचा स्क्रू जास्त आवळलेला निघाला, तो त्यांनी अर्धा फेरा सैल केला आणि राहिलेला हप्ता घेतला.