गाडी रोज पुसू नका, नीट धुवा

गाडीच्या रंगावर दिसणारे बहुतेक बारीक चरे पुसण्याच्या फडक्याने पडलेले असतात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पण रात्री पार्किंगमधल्या दिव्याखाली उभे राहून आपल्याच गाडीच्या बॉनेटकडे तिरक्या नजरेने पाहिले, की त्याचा पुरावा लगेच मिळतो. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोलाकार फिरणाऱ्या असंख्य रेषा दिसतात आणि माझ्या गाडीसारखी गडद निळी किंवा काळी गाडी असेल, तर त्या विशेष ठळक दिसतात. पुण्यातल्या आमच्यासारख्या सोसायट्यांमध्ये महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीत एकच फडके बुडवत सकाळी ओळीने गाड्या उरकत जातो, त्यामुळे पहिल्या गाडीवरची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचते. यात त्याचा दोष नाही. तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पैशांत रोज गाडी पुसून हवी, ही मागणी आपली असते. महिन्याचे पैसे तेच ठेवून त्याला आठवड्यातून एकदाच, भरपूर पाण्याने गाडी धुवायला सांगावे, किंवा हे काम स्वतः करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत कशावर आधारलेले आहे, ते समजण्यासाठी रंगाची रचना पाहायला हवी. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हे सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट सुमारे 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेक माणसांच्या केसापेक्षाही पातळ असतो. गाडीची चमक आणि उन्हापासून रंगाचे होणारे रक्षण हे दोन्ही या एवढ्याशा थरावर अवलंबून आहे. पूर्वीच्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर गाड्यांचा रंग एकाच थराचा असे, त्यावर वेगळा पारदर्शक थर नसे. उन्हाने वरचा भाग खडूसारखा पांढुरका झाला, की पॉलिश लावून तो काढून टाकत आणि फडक्याला गाडीचाच रंग लागे. दर वर्षी गाडी घासून चमकवण्याची आपल्याकडची सवय त्या काळात योग्यच होती. मात्र क्लिअर कोटच्या गाडीवर तीच सवय चालू ठेवली, तर जो थर वाचवायचा तोच आपण हळूहळू संपवत जातो.

म्हणून सगळी काळजी धुण्यात घ्यायची. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला थंड लागत असताना धुवावी, कारण तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू क्षणात वाळतो आणि त्याचे डाग धरतात. सुरुवात चाकांपासून करावी. चाकांवरची काळपट भुकटी ही ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून निघालेली असते, तिच्यात लोखंडाचे कण असतात, त्यामुळे चाकांचा ब्रश आणि चाकांचे फडके गाडीच्या अंगाला कधीही लावू नये. लांबचा प्रवास करून आल्यावर डिस्क तापलेल्या असताना त्यांवर गार पाणी मारणेही टाळावे. चाके झाली, की संपूर्ण गाडीवर नुसते पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. हे पहिले पाणी घाईने उरकू नये. विशेषतः चाकांच्या कमानी, दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि डिकीच्या खालचा भाग येथे चिकटलेला चिखल भिजायला काही मिनिटे द्यावीत.

त्यानंतर दोन बादल्या लागतात. एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून टप आणि काचांपासून खाली येत एकेक भाग धुवावा, प्रत्येक भागानंतर मोजा साध्या पाण्यात खळखळून पिळावा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालावा. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बोटे फिरवली, की चिमूटभर बारीक काळी रेती हाताला लागते. एकच बादली असती, तर ही सगळी रेती पुन्हा रंगावर फिरली असती. हात गोल फिरवू नये, सरळ रेषेत न्यावा आणि दाब अजिबात देऊ नये. भांडी घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर गाडीला वापरू नये, कारण तेलकटपणा काढणे हेच त्यांचे काम असल्यामुळे रंगावर लावलेले वॅक्स, म्हणजे संरक्षक मेणही, ती काढून टाकतात. जुन्या बनियनचे फडके घरात पाट पुसायला ठेवावे. त्याची शिवण रंगावर चरे पाडते.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे गंभीर आहे आणि तो टाळून या विषयावर लिहिणे मला पटत नाही. पाइप मोकळा सोडला, तर मिनिटाला 10 ते 15 लिटर पाणी सहज वाहते, म्हणजे अर्ध्या तासात 300 लिटरच्या वर जाते. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घालून 5,000 रुपयांचा दंड ठेवावा लागला होता, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या सोसायट्यांची स्थितीही फार वेगळी नसते. दोन बादल्या, एक मग आणि बागेत वापरतात तसला हाताने दाब भरायचा फवारा एवढ्यावर लहान गाडी 50 ते 60 लिटरमध्ये उत्तम धुऊन होते.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. बोअरवेलच्या आणि अनेकदा टँकरच्याही पाण्यात क्षार जास्त असतात. थेंब वाळला, की पाणी उडून जाते आणि चुन्याचे पांढरे कडे मागे राहते. आरओचे वाया जाणारे पाणी गाडीसाठी वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पहिली धूळ काढण्यासाठी तो ठीक आहे, पण शेवटच्या धुण्यासाठी नाही, कारण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार साठलेले असतात. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे बनलेले असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात ते कॅनमध्ये साठवावे आणि शेवटी गाडीवर तेच फिरवावे. बोअरवेलच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायटीत याइतका उपयोगी उपाय मला दुसरा सापडलेला नाही. डाग पडलेच असतील, तर पांढरे व्हिनेगर तेवढ्याच स्वच्छ पाण्यात मिसळून, सावलीत, मऊ फडक्याने एखादे मिनिट डागावर ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. जुने डाग क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतात आणि ते केवळ व्हिनेगरने जात नाहीत.

गाडी वाळवण्यासाठी जाड मायक्रोफायबरचा टॉवेल बॉनेटवर पसरून ठेवावा आणि दोन टोकांनी अलगद आपल्याकडे ओढावा. घासण्याची गरज पडत नाही. आरसे, दरवाज्यांची हँडले आणि नंबर प्लेटच्या मागे साचलेले पाणी नंतर ओघळते, म्हणून तिथे कोरडे फडके एकदा दाबून घ्यावे. शेवटी गाडी थोडी चालवून ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात आणि त्यांवर गंजाचा थर धरत नाही.

काही गोष्टी मात्र आठवड्याच्या धुण्याची वाट पाहत थांबवू नयेत. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती काही तासांतही रंगावर कायमचा ठसा उमटवू शकते. अशा ठिकाणी ओले फडके पाच मिनिटे ठेवून ती मऊ करावी आणि उचलून घ्यावी, खरवडू नये. कोकणातून परतल्यावर गाडीच्या खालचा भाग आवर्जून धुवावा, कारण खारी हवा, किनाऱ्यावरची वाळू आणि तांबडी माती मिळून चाकांच्या कमानीत जो लगदा बसतो तो ओल धरून ठेवतो आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात, ती पावसाळ्यात चिखलाने बुजतात. काडीने ती मोकळी करून घ्यावीत.

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, तेव्हाही थोडे लक्ष ठेवावे. झेंडूचा हार तारेने न बांधता सुताच्या दोऱ्याने बांधावा, कारण वाऱ्याने हलणारी तार बॉनेटवर चरे पाडते. ओल्या कुंकवाचे स्वस्तिक रात्रभर राहिले, तर त्यातला रंग पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा सोडतो, म्हणून ते संध्याकाळी पाण्याने उतरवावे. हळदीचा पिवळेपणा उन्हात आपोआप फिका होतो, त्यासाठी घासत बसू नये. गाडीला आधी वॅक्स लावलेले असेल, तर हे डाग मुळातच धरत नाहीत, म्हणून मी वॅक्सचे काम दसऱ्याच्या आधी उरकून घेतो.

आता पॉलिशकडे येऊ. धुतलेल्या, ओल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून तळवा अलगद फिरवावा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. लोखंडाची भुकटी, डांबराचे ठिपके आणि शेजारच्या बांधकामावरून उडालेले सिमेंट रंगात रुतलेले असते, ते तिथे बोटांना कळते. ते काढण्यासाठी क्ले बार नावाची मळून मऊ करायची वडी मिळते. शॅम्पूचे पाणी भरपूर मारून ती हलक्या हाताने मागे-पुढे सरकवायची, तिच्यावर काळे ठिपके दिसू लागले, की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. वडी खाली जमिनीवर पडली, तर ती सरळ टाकून द्यावी, पैशांचा विचार करू नये. तिला चिकटलेला एक खडा सगळ्या दरवाज्यावर चरा उमटवू शकतो.

पॉलिश म्हणजे अत्यंत बारीक अपघर्षक कण असलेले द्रव्य आणि ते क्लिअर कोटचा काही भाग कापूनच चमक आणते. चरा नाहीसा होतो, तो त्याच्या आजूबाजूचा थर खाली आणल्यामुळे. गॅरेजमध्ये ज्याला रबिंग-पॉलिश म्हणतात, ते प्रत्येक सर्व्हिसिंगला करून घेण्याची सवय त्यामुळेच घातक आहे. आधी नख फिरवून पाहावे. नख अडकत असेल, तर तो चरा खोल आहे आणि पॉलिशने तो काढण्याचा प्रयत्न करू नये, टच-अपचा रंग लावून पत्रा झाकावा. नख न अडकणारे बारीक चरे मात्र पॉलिशने कमी होतात. हाताने फोमचा गोळा घेऊन काम केले तरी फरक पडतो, पण पूर्ण गाडी करायची असेल, तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन वापरावे, कारण त्यात चकती फिरता फिरता डोलतेही आणि एका जागी उष्णता साचत नाही. गॅरेजमधले एकाच दिशेने गरगर फिरणारे रोटरी मशीन नवख्या हातात देऊ नये. रबर, काळे प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकाव्यात, कारण कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन आधी एका कोपऱ्यात वीतभर जागेवर करून पाहावे, तेवढ्यावर भागत असेल, तर त्याहून कडक काहीही वापरू नये. धुणे व्यवस्थित असेल, तर पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते.

वॅक्सचे काम याच्या उलट आहे, ते काही कापत नाही, वर थर देते. गाडीच्या वॅक्समध्ये नावाजलेले कार्नाउबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण आहे. ते 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे बहुतेक मेणे ज्या उष्णतेत नरम पडतात ती ते सोसते. तरीही आपल्याकडच्या उन्हात ते साधारण सहा ते आठ आठवडेच टिकते. कृत्रिम सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचे रासायनिक संरक्षक द्रव्य, चार-सहा महिने जाते आणि पावसाळ्यापूर्वी मी तेच लावतो. लावताना थर जितका पातळ तितका चांगला, जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसण्याचे श्रम वाढतात. एकेक भाग घेऊन फोमने वॅक्स पसरवावे, ते धुरकट दिसू लागल्यावर बोट ओढून पाहावे आणि बोटाखाली स्वच्छ चमक दिसली, की कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच पुसावे. काळ्या, रंग नसलेल्या प्लास्टिकवर वॅक्स लागू देऊ नये, तिथे त्याचे पांढरे डाग राहतात.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर लावून कडक होणाऱ्या पारदर्शक रासायनिक थराबद्दल, अनेक जण विचारतात. ते वॅक्सपेक्षा कितीतरी अधिक टिकते आणि गाडी धुणे सोपे करते, हे खरे. पण फडक्याच्या चऱ्यांपासून ते अभय देत नाही, आणि आधीचे चरे न काढता लावले, तर ते चरे कोटिंगखाली तसेच राहतात. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्याने शॅम्पू, दोन बादल्या, हातमोजा, टॉवेल आणि एक साधे वॅक्स एवढ्यावरच सुरुवात करावी. पुढचे वॅक्स केव्हा लावायचे, हे ठरवण्यासाठी दिनदर्शिका लागत नाही: धुतलेल्या बॉनेटवर पाण्याचे गोल, टपोरे थेंब बनत असतील, तर थर शाबूत आहे, आणि पाणी सपाट पसरून तसेच बसू लागले, तर पुढच्या रविवारी फोम हातात घ्यावा.