जिवाणू, मलेरिया आणि झाड, एकाच टेबलावर?

“तुम्ही नेमकं काय करता?” याला मी “जनुकांच्या नियंत्रणावर काम” असं उत्तर देते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग कधी जिवाणू, कधी मलेरियाचा परजीवी, कधी झाड, अशी धरसोड कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

शिकत असताना मी ई. कोलाय हे जिवाणू वाढवायला ठेवले होते. खाद्यात दोन साखरा, ग्लुकोज आणि लॅक्टोज. दर २० मिनिटांनी नमुना काढायचा, गढूळपणा मोजायचा (जिवाणू जितके जास्त, तितकं गढूळ). आलेख झकास चढला आणि मध्येच आडवा झाला. मेले, असं समजून फ्लास्क ओतून द्यायला उठले, तर मॅडम म्हणाल्या, “थांब, अजून मोज.” थोड्या वेळाने आलेख पुन्हा चढू लागला!

ग्लुकोज संपलं होतं आणि जिवाणू लॅक्टोज पचवायच्या तयारीला लागले होते. त्यासाठीची जनुकं त्यांच्याकडे होतीच. पण एक प्रथिन डीएनएवर ठाण मांडून ती वाचू देत नव्हतं. लॅक्टोजपासून बनलेला एक रेणू चिकटला की ते तिथून उठतं. पण ग्लुकोज असेपर्यंत पेशी लॅक्टोजला फारसं आत घेतच नाही. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ही यंत्रणा १९६१ साली मांडली, १९६५ मध्ये त्यांना सहकारी ल्वोफ यांच्यासह नोबेल मिळालं.

तेव्हापासून मला जनुकापेक्षा त्याला गप्प बसवणाऱ्याचं कौतुक जास्त. (“अमक्या गोष्टीचं जनुक सापडलं” हा मथळा दिसला की मी पान उलटते.)

मलेरियाचा प्लास्मोडियम फाल्सिपेरम बघा. त्याच्याकडे ‘व्हार’ जनुकं साधारण ६०, पण एका वेळी बोलतं एकच. बाकीच्यांचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवलेला. त्या एका जनुकाचं प्रथिन तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि पेशी रक्तवाहिनीला चिकटते, म्हणजे बिघडलेल्या पेशी नष्ट करणाऱ्या प्लीहेच्या गाळणीतून जायला नको. शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, तोवर काही परजीवींनी दुसरं जनुक उघडलेलं असतं. सगळे पत्ते एकदम दाखवले असते, तर डाव केव्हाच संपला असता.

झाडांतही हेच. अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात एफएलसी हे जनुक फुलोरा अडवून धरतं. काही आठवड्यांच्या थंडीत ते गप्प होतं आणि ऊब परतली तरी गप्पच राहतं. नव्या बीजात मात्र पाटी कोरी.

आता ‘धरसोडी’बद्दल. प्लास्मोडियमची जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांचं एक मोठं घराणं वनस्पतींमधल्या एपी२ प्रथिनांशी नातं सांगतं. शिवाय त्याच्या पेशीत एपिकोप्लास्ट नावाचा अवयव आहे: फार पूर्वी गिळलेल्या लाल शैवालाचं हरितलवक, हिरवेपणा गमावलेलं. हरितलवक हेही मुळात कधीकाळी पेशीने गिळलेला जिवाणूच, त्यामुळे एपिकोप्लास्टमधला प्रथिनं बनवण्याचा कारखाना अजून जिवाणूंच्याच धाटणीचा. म्हणून तर डॉक्सीसायक्लीन हे जिवाणूंवरचं औषध मलेरियावरही चालतं. फक्त परजीवी लगेच मरत नाही. तो ४८ तासांचं आपलं चक्र बिनघोर पूर्ण करतो, आणि मरते ती पुढच्या चक्रातली संतती. पहिल्याच दिवशी मोजून फ्लास्क ओतून दिलात, तर औषध निकामी वाटेल.