सेल्फ आधी, लाइट नंतर

गेल्या डिसेंबरात सलग तीन दिवस पहाटे गाडीने सेल्फ घेतला नाही. माझी पहिली शिफ्ट लोणंदला असते, त्यामुळे साताऱ्यातून सव्वापाचला निघावंच लागतं. थंडी म्हणजे हाताला हँडल लागत नव्हतं. चावी फिरवली, मीटर उजळला, हेडलाइट लागला, बटन दाबलं की नुसतं घर्र घर्र आणि सोबत हेडलाइट पण पिवळा पडत जातो, मग टक टक टक आणि गप. गाडीला किक नाही. तिन्ही दिवस अप्पा स्वेटर घालून बाहेर आले आणि त्यांनी मागून ढकललं, मी सेकंड टाकून क्लच सोडला तेव्हा कुठे चालू झाली. अडुसष्ट वर्षांचा माणूस पहाटे पाचला गाडी ढकलतोय, हे काही बरोबर नाही, म्हणून रविवारी सगळं खोलूनच बसलो.

माझी गाडी २०१८ ची. एप्रिल २०१७ पासून नवीन टू-व्हीलरला हेडलाइट कायम चालू ठेवायचा नियम आला, म्हणून हेडलाइट बंद करायचं बटनच दिलेलं नाही. नियम चांगलाच आहे, दिवसा पण समोरच्याला गाडी दिसते. पण काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावर लाइट लागतो आणि काहींत चावी फिरवली की लगेच, आणि माझी दुसऱ्या जातीची. म्हणजे नेमकं ज्या क्षणी स्टार्टर मोटरला बॅटरीची सगळी ताकद पाहिजे, तेव्हाच ५५ वॉटचा बल्ब पण तिच्यातनंच ओढत बसतो. बारा व्होल्टला ५५ वॉट म्हणजे साडेचार अँपिअर.

मल्टिमीटर लावून बघितलं. नुसती बॅटरी १२.४ व्होल्ट, चावी फिरवली की ११.९, आणि सेल्फ दाबला की थेट ९.२. मग हेडलाइटचा कपलर (वायरींचा प्लग) काढून तेच केलं तर ९.५ च्या आसपास थांबला आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं. फरक पॉइंट तीनचाच, पण बॅटरी थकलेली असली की तेवढ्यावरच गाडी चालू होते किंवा होत नाही. (बॅटरी खरंच संपलेली असेल तर नवीनच टाका, वायरिंगने ती जिवंत होत नाही. मी पण पुढच्या महिन्यात बदलली.)

तर करायचं काय, हेडलाइटच्या वायरमध्ये एक रिले, म्हणजे थोड्याशा करंटने ओढला जाऊन चालू होणारा स्विच, टाकायचा आणि इंजिन चालू झाल्यावरच तो ओढला जाईल असं करायचं. इंजिन चालू आहे हे रिलेला कळणार कसं? इंजिन फिरलं की वीज बनवणाऱ्या मॅग्नेट कॉइलकडनं रेक्टिफायरला (एसीची डीसी करून बॅटरीला देणारा डबा) ज्या तीन पिवळ्या वायरी येतात त्यांच्यातनं. इंजिन बंद असताना त्यात काही नसतं, सेल्फ फिरताना थोडंसं येतं पण रिले ओढायला ते पुरत नाही, आणि इंजिन पेटलं की भरपूर येतं. त्यातल्या एका वायरला जोड देऊन मध्ये एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देतो) टाकला, कारण तिथली वीज एसी असते, आणि तो रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला दिला (८५-८६ म्हणजे रिलेची कॉइल, ३०-८७ म्हणजे स्विचची दोन टोकं). ८५ अर्थ. हेडलाइटला जाणारी वायर डिपर स्विचच्या आधी तोडून एक टोक ३० ला, दुसरं ८७ ला. झालं. चावी फिरवली, अंधार. सेल्फ मारला, इंजिन पेटलं, टक्, लाइट. इतका आनंद झाला की अप्पांना बोलावून चार वेळा दाखवलं.

आणि इथेच मी मोठी चूक केली होती, ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहितोय.

पिवळ्या वायरीचा जोड मी नुसता पिळून वर टेप मारलेला. आठ दिवस चालला. नवव्या दिवशी सालपे घाटात, वळणावर, एका खड्ड्यात गाडी आपटली आणि हेडलाइट गेला. इंजिन चालू, मीटर चालू, समोर काळोख. पुढे उसाची ट्रॉली होती, मागे लाल दिवा नाही रिफ्लेक्टर नाही, एक सेकंद आधी मला तिचा ऊस दिसला होता म्हणून नुसत्या अंदाजाने ब्रेक दाबला. ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस माझ्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर होता, पानांचा वास आला एवढ्या जवळ. बाजूला गाडी लावली तेव्हा पाय थरथरत होते. तिथनं पुढे बॅटरी हातात धरून, म्हणजे मोबाइलची, फर्स्ट गिअरमध्ये घाट उतरलो.

घरी आल्यावर पोवई नाक्याकडचे एक वायरिंगवाले मामा आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जोड हातात धरून ओढला, तो सुटून आलाच. मग म्हणाले, "जोड तर चुकलाच तुझा, पण इचार बी चुकलाय. ती पिवळी वायर तुटली की लाइट जातोय, म्हंजे जल्मभर तिच्यावरच लटकून बसणार का तू? तिचं काम फक्त एकदा ढकलायचं. नंतर रिलेनं सोताच सोताला धरून ठेवलं पायजे."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आता वायरिंग असं आहे: पिवळ्या वायरीतनं डायोडमार्गे ८६ ला, आणि ८७ मधनं पण दुसऱ्या डायोडमार्गे ८६ लाच. दोन्ही डायोडची पट्टी, म्हणजे वीज बाहेर पडायचं टोक, ८६ कडे. इंजिन पेटलं की पिवळी वायर रिलेला ढकलते, रिले ओढला की ८७ ला करंट येतो आणि तोच कॉइलला धरून ठेवतो. पुढे पिवळी वायर तुटो, इंजिन घाटात बंद पडो, चावी काढेपर्यंत लाइट जात नाही. चावी काढली की ३० ची लाइन मरते आणि रिले सुटतो. दुसरा डायोड विसरू नका, नाहीतर पिवळीतली वीज रिले ओढायच्या ऐवजी उलटी बल्बात जाईल. डायोड दोन्ही १एन४००७, दहा रुपयाच्या आतले.

घाटात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारताना लाइट चालूच राहतो, म्हणजे मूळ हेतू तेवढ्यापुरता बाजूला राहतो. मला ते मान्य आहे. गरम इंजिन लगेच पेटतं, आणि अंधारात उभ्या गाडीला दिवा पाहिजेच.

बाकीचं थोडक्यात. जोड सगळे सोल्डर केले आणि वर स्लीव्ह घातली. मेन लाइन दीड एमएमची घेतली, १० अँपिअरचा फ्यूज टाकला. रिले सीटखाली, पिना खाली तोंड करून, कारण आपल्याकडे पावसात पाणी वरनं येऊन पिनांत साठलं की हिरवं धरतं. बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाची) गाडी असेल तर सेन्सरच्या कुठल्याही वायरीला हात लावू नका, आणि हेडलाइट एलईडी असेल तर हे न केलेलंच बरं, त्याला ओढ कमीच असते. वॉरंटीत असताना मूळ वायर तोडायच्या नादी लागू नका, आतमधल्या कपलरवर मॅचिंग सॉकेट मिळालं तर ते लावा.

आता पहाटे चावी फिरवतो, समोरच्या भिंतीवर उजेड पडत नाही, सेल्फ एका दमात फिरतो आणि टक् ऐकू येतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सीट काढून एकेक जोड ओढून बघतो, सोल्डर केलेले असले तरी.