चित्रलेखेला नेमके काय दिसले?

8 मधून 6 गेले तर किती उरतात, असा प्रश्न अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत एका 19 वर्षांच्या व्यक्तीला विचारण्यात आला, तेव्हा ती व्यक्ती झोपलेली होती आणि स्वप्न पाहत होती. उत्तर तिने डोळ्यांनी दिले. बंद पापण्यांआड बुबुळे डावीकडून उजवीकडे अशी दोनदा फिरली, म्हणजे उत्तर दोन. 2021 साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील चार स्वतंत्र गटांनी मिळून 36 जणांवर तो केला होता. स्वप्ने एकमेकांत वाटून घेता येतील का, या प्रश्नाकडे आजवर बहुतेक जण ‘काहीतरीच काय’ म्हणून पाहत आले. या प्रयोगानंतर तो निदान नीट मांडण्याजोगा झाला आहे.

डोळ्यांचाच उपयोग करण्यामागे साधे कारण आहे. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की झोपेच्या एका टप्प्यात डोळे झपाट्याने हलत असतात, आणि त्या टप्प्यातून उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. या रेम झोपेत शरीराचे बाकीचे बहुतेक स्नायू जवळजवळ निकामी झालेले असतात (तसे नसते तर आपण स्वप्नातल्या कुत्र्यामागे खरोखरच धावत सुटलो असतो), पण डोळ्यांना ही बंदी नसते. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ याचे भान काही जणांना येते. अशा ल्युसिड ड्रीममध्ये असलेला माणूस आधी ठरवून घेतलेली खूण डोळ्यांनी करू शकेल का, हे इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी 1975 साली अ‍ॅलन वर्स्ली या गृहस्थांवर करून पाहिले, आणि खुणा आल्या. मात्र ती वाहतूक एकेरी होती, आतून बाहेर येणारी. 2021 मध्ये ती पहिल्यांदा दुहेरी झाली.

आकडे पाहिले की उत्साहाला योग्य तो लगाम बसतो. एकूण 158 वेळा प्रश्न विचारले गेले, त्यांपैकी 18.4 टक्के वेळा बरोबर उत्तर मिळाले आणि सुमारे 60 टक्के वेळा काहीच प्रतिसाद आला नाही. मला मात्र आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. बाहेरून आलेला प्रश्न स्वप्नात जसाच्या तसा पोहोचत नव्हता. एकाला गणित मोटारीच्या रेडिओतून ऐकू आले; दुसरा स्वप्नात एका पार्टीत होता आणि त्याला प्रयोगकर्त्याचा आवाज चित्रपटातील निवेदकासारखा वरून येत असल्याचे जाणवले. काही जणांनी झोपेत उत्तर बरोबर दिले, पण जागे झाल्यावर त्यांना प्रश्न वेगळाच आठवत होता. बाहेरचा शब्द आत शिरताना स्वप्न त्याला आपले कपडे चढवते आणि आतली गोष्ट बाहेर येताना आठवण तिला पुन्हा नवे कपडे चढवते. हा दुहेरी वेशपालट टाळून दोन माणसांना एकच स्वप्न कसे पाहता येईल, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ‘रेमस्पेस’ नावाच्या कंपनीने, आपण दोन झोपलेल्या माणसांमध्ये एका शब्दाची देवाणघेवाण घडवून आणल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्याकडील बातम्यांनीही ‘स्वप्नात गप्पा’ असे मथळे दिले. स्वतंत्र पडताळणी झालेला शोधनिबंध न देता केलेली ती घोषणा होती. शिवाय दावा संपूर्ण खरा धरला, तरी एकाच्या कानात सर्व्हरने सांगितलेला शब्द त्याने उच्चारणे आणि नंतर तोच शब्द सर्व्हरने दुसरीच्या कानात सांगणे, याला निरोप पोहोचवणे म्हणता येईल. एकमेकांच्या स्वप्नात जाणे म्हणता येणार नाही.

निरोप नको, चित्रच हवे असे म्हणणाऱ्यांसाठी जपानमधील प्रयोग अधिक जवळचा आहे. क्योटो येथील युकियासू कामितानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तीन व्यक्तींना मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवले, नुकता डोळा लागला की ईईजीवरून, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखावरून, ओळखून उठवले, ‘काय दिसत होते’ असे विचारले आणि पुन्हा झोपायला सांगितले. प्रत्येकाकडून अशी किमान 200 वर्णने जमा होईपर्यंत हे चालले. (झोपमोडीचा इतका छळ विज्ञानासाठी सोसणाऱ्या त्या तिघांना माझा नमस्कार.) त्या वर्णनांतून घर, गाडी, स्त्री, पुस्तक असे शब्दगट काढले गेले, जागेपणी अशाच वस्तूंची चित्रे पाहताना त्यांच्या मेंदूत काय घडते हे संगणकाला शिकवले गेले, आणि मग उठण्यापूर्वीच्या काही सेकंदांत यांपैकी काय दिसत असावे, हे संगणकाने सुमारे 60 टक्के वेळा ओळखले. दोन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर नाणेफेकीनेही 50 टक्के मिळतात, हे येथे लक्षात ठेवावे. ती रेम झोपेतील लांबलचक स्वप्ने नव्हती, डोळा लागतानाची तुटक दृश्ये होती, आणि ज्याच्या मेंदूवर यंत्र शिकवले त्याच्यापुरतेच ते शिकलेले होते. तरीही झोपलेल्या माणसाच्या तोंडून ऐकण्याआधी त्याला काय दिसले याचा अंदाज करता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

समजा, हे 60 टक्के उद्या 100 झाले. माझ्या स्वप्नाची हुबेहूब चित्रफीत तुमच्या हाती आली, तर तुम्हाला माझे स्वप्न मिळाले का?

मला अधूनमधून पडणारे एक स्वप्न असे आहे. मी एका एसटी स्टँडवर उभी असते. फलाटावर डिझेलचा वास आहे, चौकशीच्या खिडकीतून कोणीतरी मालवण गाडी लागल्याची घोषणा करत आहे, बाकावर कंडक्टरचा खाकी गणवेश घातलेल्या एक बाई तिकिटांचा हिशेब जुळवत बसल्या आहेत. चित्रफितीत एवढेच दिसेल. पण स्वप्नात मला पक्के ठाऊक असते की हे आमचे साताऱ्याचे घर आहे आणि त्या बाई म्हणजे माझी थोरली आत्या आहे. चेहरा आत्याचा नसतो, आवाज तिचा नसतो, आत्याने उभ्या आयुष्यात एसटीत नोकरी केलेली नव्हती. तरी शंका म्हणून येत नाही. स्वप्नाचा सगळा जीव या न दिसणाऱ्या खात्रीत आहे. ती काढून घेतली की उरतो तो साताऱ्याशी काहीही संबंध नसलेला एक स्टँड, आणि तो तुम्हाला कोठेही पाहायला मिळेल.

भागवताच्या दशम स्कंधातील उषेची कथा मला या दृष्टीने फार नेमकी वाटते. बाणासुराच्या या मुलीला कधीही न पाहिलेला, कधीही न ऐकलेला पुरुष स्वप्नात भेटतो आणि ती ‘कुठे गेलास’ म्हणत सख्यांच्या देखत उठून बसते. तिची सखी चित्रलेखा, म्हणजे बाणाच्या मंत्र्याची मुलगी, तिला सांगते की तो त्रैलोक्यात कोठेही असला तरी मी आणून देते, फक्त तू ओळख. मग ती देव, गंधर्व, सिद्ध आणि माणसे अशी एकामागून एक चित्रे काढत जाते. वृष्णिवंशातील पुरुषांपर्यंत येते. प्रद्युम्नाच्या चित्रापाशी उषा लाजते आणि अनिरुद्धाचे चित्र पाहताच मान खाली घालून ‘हाच तो’ म्हणते. चित्रलेखा योगिनी आहे, झोपलेल्या अनिरुद्धाला द्वारकेहून आकाशमार्गे शोणितपुराला उचलून आणण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. पण मैत्रिणीचे स्वप्न पाहण्याचे सामर्थ्य कथेने तिलाही दिलेले नाही. ती एक एक पर्याय पुढे ठेवते आणि ओळख उषेकडूनच यावी लागते. क्योटोच्या संगणकाची रीत थेट हीच नसली तरी त्याचीही सगळी भिस्त अखेर झोपणाऱ्याने दिलेल्या साक्षीवरच आहे. राहता राहिला अनिरुद्ध. त्यालाही त्याच रात्री तेच स्वप्न पडले होते का, याची चौकशी भागवताने केलेली नाही, आणि मला ती राहून राहून करावीशी वाटते.

यंत्राविना, केवळ मनाच्या शक्तीने स्वप्नात चित्र धाडता येते का, याचेही प्रयोग झालेले आहेत. न्यू यॉर्कमध्ये ब्रुकलिन येथील मायमॉनिडीस वैद्यकीय केंद्रात माँटेग्यू उलमन आणि स्टॅनली क्रिपनर यांनी 1960 च्या दशकापासून ते केले. एका खोलीत कोणी झोपायचे, दुसऱ्या खोलीत कोणी एखाद्या चित्राकडे मन लावून पाहायचे, रेम टप्पा संपत आला की झोपलेल्याला उठवून स्वप्न नोंदवून घ्यायचे, आणि नंतर त्रयस्थांनी स्वप्न व चित्र यांचा मेळ किती बसतो ते ठरवायचे. 1971 च्या फेब्रुवारीत तर ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या कार्यक्रमांना आलेल्या सुमारे 2000 श्रोत्यांना पडद्यावर चित्र दाखवून, ते ब्रुकलिनमध्ये झोपलेल्या माल्कम बेसेंट यांच्याकडे मनाने पाठवा, असे सांगण्यात आले. एका रात्रीचे चित्र होते पद्मासनात बसलेल्या, शरीरावर सात रंगीत चक्रे असलेल्या योग्याचे. बेसेंट यांच्या त्या रात्रीच्या स्वप्नकथनात सूर्याची ऊर्जा पकडणारी पेटी आली, अधांतरी तरंगणारा माणूस आला आणि पाठीचा कणाही आला.

हे वाचून अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. पण स्वप्नाचे वर्णन जात्याच इतके पसरट असते की त्यात कोणत्याही चित्राला जागा मिळू शकते, आणि मेळ बसला की नाही हे ठरवणारी नजर मेळ शोधायलाच बसलेली असते. वायोमिंग विद्यापीठात बेल्व्हेडेर आणि फूक्स यांनी हाच प्रयोग अधिक काटेकोर बंदोबस्तात पुन्हा केला, तेव्हा परिणाम मिळाला नाही.

मेळ कसा बसत जातो, हे मी घरातच पाहिले आहे. मी पुण्यात, धाकटी बहीण ठाण्यात, आणि एका रात्री आम्हा दोघींच्या स्वप्नात आजोळची विहीर आली. ‘ताई, अगं, मला पण!’ असे तिने फोनवर ओरडून सांगितले. बोलता बोलता तिच्या विहिरीला माझ्या विहिरीचा रहाट आला, माझ्या विहिरीला तिचे काठोकाठ पाणी आले, आणि फोन ठेवेपर्यंत स्वप्न एकच झाले. मी उठल्याउठल्या वहीत खरडलेल्या ओळींत पाण्याचा उल्लेख नव्हता. आदल्या संध्याकाळी मामाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विहिरीवर नवी मोटर बसवल्याचा फोटो टाकला होता, हे मला दुपारी आठवले. बहिणीला अजूनही हा खुलासा मान्य नाही.

म्हणून ‘सामायिक स्वप्न’ असे काही असेल तर त्याचे मूळ रात्रीत नसून दिवसात आहे, असे माझे मत बनत गेले आहे. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे की तुकोबांची प्रत्यक्ष भेट झालेली नसताना कोल्हापुरात त्यांना तुकोबांनी स्वप्नात दर्शन दिले आणि मंत्र दिला. त्याआधी जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानांवर पडत होते, मनात घोळत होते. तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला, आणि नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितले, असे तेच सांगतात. यामागील श्रद्धेला मी हात लावत नाही. एवढेच म्हणते की ज्यांचे दिवस एकाच नामात गेले, त्यांच्या रात्रीही एकमेकांना ओळखीच्या झाल्या.

याचीच काळी बाजू शार्लोट बेराट या जर्मन पत्रकार स्त्रीने नोंदवून ठेवली आहे. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, 1933 ते 1939 या काळात, तिने बर्लिनमध्ये सुमारे 300 लोकांची स्वप्ने गोळा केली. कागद पुस्तकांच्या बांधणीत लपवले, काही पत्रांतून परदेशी पाठवले. त्यांत हिटलर ‘हान्सकाका’ होता आणि अटकेला ‘फ्लू’ म्हटले जाई. एका डॉक्टरला 1934 मध्ये स्वप्न पडले की रात्री नऊच्या सुमारास तो निवांत पुस्तक चाळत पडला आहे आणि अचानक खोलीच्या, मग सगळ्या घराच्या, मग दिसतील तेवढ्या सगळ्या घरांच्या भिंती नाहीशा होतात. ध्वनिक्षेपकावरून भिंती रद्द करण्याचा हुकूम वाचला जात असतो. दुसऱ्या कोणाच्या स्वप्नात असे होते की आपण झोपेत बरळतो आहोत, आणि सावधगिरी म्हणून रशियन बोलतो आहोत. ती भाषा आपल्यालाच येत नाही, म्हणजे आपले बोलणे आपल्यालाही कळायला नको. एकमेकांना न ओळखणारी ही माणसे एकाच स्वप्नाच्या निरनिराळ्या खोल्यांत वावरत होती. त्यासाठी कोणाला कोणाच्या मनात शिरावे लागले नाही, एक राजवट पुरेशी झाली.

स्वप्न वाटून घेण्याच्या तंत्राबद्दल बोलताना आपण बहुधा दूरदेशी असलेल्या प्रियजनांची कल्पना करतो. मला मात्र बेराटचा तो डॉक्टर आधी आठवतो. आज तरी क्योटोचे यंत्र शिकवायला माणसाला तासन्‌तास स्वखुशीने पडून राहावे लागते, आणि 2021 च्या प्रयोगात उत्तर द्यायचे की नाही हे अखेर झोपलेल्याच्या डोळ्यांच्याच हाती होते. संशोधक या दोन्ही गोष्टींना तंत्रातील अडचणी मानतात आणि त्या दूर करण्याच्या खटपटीत आहेत. त्या लवकर दूर व्हाव्यात, असे मला वाटत नाही.