दुकानात पास झालेली रॅम

जुलैतला शुक्रवार म्हणजे म्हापशात बाजाराची गर्दी आणि वरून धो धो पाऊस. त्या गर्दीतून वाट काढत एक मुलगी माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आली, साखळीहून, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने. लॅपटॉप दोन पिशव्यांत नीट गुंडाळलेला, ती स्वतः मात्र चिंब.

घेऊन दीडच महिना झालेला लॅपटॉप दिवसातून चार-पाचदा निळी स्क्रीन दाखवून बंद पडत होता. जिथून घेतला त्यांनी तीनदा फॉरमॅट मारून दिला आणि तिसऱ्या वेळी वर ऐकवलं, ''व्हायरस आहे, तुम्हीच काहीतरी डाउनलोड करत असणार.''

''काका, मी फक्त टाइप करते हो,'' ती म्हणाली. एम.ए.साठी सत्तरी तालुक्यातल्या धालोंवर, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या लोकप्रकारावर, ती लघुप्रबंध लिहीत होती. आजीच्या आवाजातली गाणी रेकॉर्डरवरून याच लॅपटॉपवर घेतलेली. तिसरं प्रकरण तर आता उघडायलाच तयार नव्हतं आणि ते द्यायला नऊ दिवस उरले होते.

कारण न शोधता फॉरमॅट मारणं याचा मला खरंच राग येतो. मशीन क्रॅश होताना विंडोज बहुतेक वेळा मिनिडंप नावाच्या फोल्डरात त्या क्षणाची नोंद ठेवतं. फॉरमॅटमध्ये तीच नोंद पुसली जाते, आणि मग खापर फोडायला गिऱ्हाईक तेवढं उरतं.

शेवटच्या फॉरमॅटनंतरच्या चार नोंदी सापडल्या. एकीत मेमरी मॅनेजमेंट नावाची चूक, दुसरीत आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, उरलेल्या दोन आणखी वेगळ्या. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, नाव आलं असतं तर मी त्या ड्रायव्हरमागे लागलो असतो. चार वेळा चार कारणं दिसली की माझा हात आधी रॅमकडे, म्हणजे मशीन काम करताना वापरतं त्या तात्पुरत्या मेमरीकडे जातो. आठ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली होती आणि आठ जीबीची दुसरी, विकताना दुकानदाराने स्लॉटमध्ये बसवून दिलेली. ''त्यांनी रॅम टेस्ट केली होती,'' ती म्हणाली. ''पंधरा मिनिटांत पास झाली.''

टेस्ट लावण्याआधी तिच्या फाइली सुरक्षित करायला हव्या होत्या, आणि त्याही या लॅपटॉपवरून कॉपी करून नव्हे. रॅमच खराब असेल तर तिच्यातून जाणारी प्रत्येक कॉपी बिघडू शकते. मागचं झाकण उघडलं, बॅटरीचा कनेक्टर काढला, एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, काढून माझ्या मशीनला लावली. तर डिस्कला कुलूप. विंडोजच्या बिटलॉकरने ती एन्क्रिप्ट झालेली, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नशिबाने रिकव्हरी की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहाचे आठ गट. ती मोबाइलवर बघून एकेक गट वाचत होती, मी टाइप करत होतो. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की पाचवा गट तीनदा वाचावा लागला. कुलूप उघडलं तेव्हा कुठे तिने खुर्चीला पाठ टेकली.

मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला. पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसऱ्या फेरीत मशीन चांगलं तापल्यावर चुकांच्या लाल ओळी यायला लागल्या. मेमरीतले पत्ते वेगवेगळे, पण बिट, म्हणजे शून्य किंवा एक ठेवणारा घर, दर वेळी तोच: शून्य हवं तिथे एक. पंधरा मिनिटांच्या थंड टेस्टमध्ये ही रॅम पास होणारच होती.

स्लॉटमधली रॅम काढून टेस्ट रात्रभर चालू ठेवली, एकही चूक नाही. पण तेवढ्यावर रॅमला दोषी धरता येत नाही, स्लॉटही खराब असू शकतो. म्हणून शनिवारी माझ्याकडची चांगली रॅम त्या स्लॉटमध्ये आणि तिची रॅम माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली. स्लॉट पास झाला. माझ्या लॅपटॉपमध्ये पाऊण तासाने तोच बिट पुन्हा चुकला.

दुपारी ती रेकॉर्डरचं कार्ड घेऊन आली. मूळ रेकॉर्डिंग पुसली नव्हती, हे तिचं शहाणपण. मी दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले ठसे, जुळवले. चौतीसपैकी बत्तीस जुळले. न जुळलेल्या दोनमधली एक बाइट-बाइट ताडून पाहिली: चाळीस एमबीच्या फाइलीत एकच बाइट बदललेला. ऐकताना कुणाच्या कानाला कळलं नसतं. मला त्या निळ्या स्क्रीनपेक्षा याचीच जास्त भीती वाटते. निळी स्क्रीन निदान काहीतरी बिघडलंय हे सांगते तरी. दोन्ही फाइली कार्डावरून पुन्हा घेतल्या.

राहिलं तिसरं प्रकरण. वर्डची डॉक्सएक्स फाइल ही मुळात झिप असते. कॉपीचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाची शेपटी, बदलून झिप केलं आणि ती उघडली. मजकुराची फाइल धड निघाली, बिघडला होता तो फक्त धालोच्या मांडाचा, म्हणजे धालो जिथे होतात त्या जागेचा, एक फोटो. तो वगळून फाइल पुन्हा बांधली, वर्डमध्ये टाकली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने आधी पानांचा आकडा पाहिला, मग शेवटच्या परिच्छेदापर्यंत गेली.

''सगळं आहे,'' ती म्हणाली. ''फोटो मोबाइलवर आहे माझ्या.''

खराब रॅम पाकिटात घातली, टेस्टच्या रिपोर्टची प्रिंट सोबत जोडली आणि पाकिटावर लिहिलं: ''गरम झाल्यावर टेस्ट करावी, निदान दोन तास.'' सोमवारी त्या दुकानाने रॅम बदलून दिली. तिने ती आधी माझ्याकडे आणली, मी रात्रभर तापवून तपासली आणि मगच बसवली.