आजीची पाठ आणि मोबाइलमधले गुण

मांडीचे हाड मोडल्यामुळे आजी जळगावच्या घरी अंथरुणाला खिळली, तेव्हा शय्याव्रणाचा, म्हणजे सतत एका कुशीवर पडून राहिल्याने त्वचेला होणाऱ्या जखमेचा, धोका मोजणारे एक अ‍ॅप मी मोबाइलवर घेतले. त्याचा पाया म्हणजे १९८७ साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी : संवेदना, त्वचेचा ओलावा, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण या सहा बाबींची बेरीज ६ ते २३ पर्यंत जाते आणि १८ किंवा त्याहून कमी गुण धोका दर्शवतात. आजीचे १३ आले.

अ‍ॅप कूस बदलण्याची आठवण देई; त्या गजराचा आजीला मनस्वी राग होता. परंतु मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात सकाळी कोरडी असलेली पाठ दुपारी घामाने भिजते, त्यामुळे सकाळी भरलेला ओलाव्याचा गुण दुपारपर्यंत खोटा ठरतो, म्हणून मी तो दोनदा भरू लागलो. शिवाय अ‍ॅप ‘लालसरपणा आहे का’ असे विचारी, आणि सावळ्या त्वचेवर तो सहज दिसत नाही. माकडहाडाजवळची जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हे हातानेच पाहावे लागे. ते काम आई माझ्यापेक्षा अचूक करी.