चार किलोमीटर

सावंतवाडीहून जुनं गोवं साठ-पासष्ट किलोमीटर. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, म्हणजे गोंयच्या सायबाच्या, फेस्ताला (सणाला) पायी जायचा नवस होता. १ डिसेंबरला पहाटे चालत निघालो. बांदा, पत्रादेवी, पेडणे कधी मागे पडलं ते आता नीट आठवत नाही. आठवतो तो टेम्पोवरचा कर्णा. त्यातून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू, आणि दर दहाव्या 'नमो मारिया'ला खर्रर्र! नवस आईसाठी होता, पण तोंडात कर्ण्याला शिव्याच जास्त.

दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या पुलावर मी मागे राहिलो. टाचेला लिंबाएवढा फोड. नारळांचा पिकअप थांबला. ड्रायव्हर काही बोलला नाही, मीही नाही. चढलो. आपली माणसं रस्त्याकडेने चाललेली दिसली तेव्हा पोत्यांआड वाकलो. करासवाड्याच्या अलीकडे उतरलो. चारेक किलोमीटर, बस्स.

तिथे एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, लसूण सोलत बसलेल्या बाईने हाक मारली, "बस रे पुता." नको नको म्हणेपर्यंत गरम पाण्याचं टब आलं, मीठ टाकून. माझा पाय तिने स्वतः धुतला. सुई मेणबत्तीवर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्हीकडे टोकं ठेवून कापला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. बोटांना लसणाचा वास. मग सहज विचारलं, "सगळें चलून आयला?"

"होय."

कुणी फासावर देणार नव्हतं. तरी होय.

कुवेतला असलेल्या मुलाचे राखाडी मोजे तिने मला घातले. पैसे काढले तर हात मागे सारला. "थंय पावलो की म्हज्या पुताखातीर एक नमान मोरये (नमो मारिया) म्हण. चलून आयिल्ल्याचें सायब आयकता."

मागून आपली माणसं आली. "तू पुढे कसा रे?" म्हटलं, आडवाटेने आलो. एका खोट्यात दुसरं.

म्हापसा, पर्वरी, रायबंदरचा लांबलचक पूल. रात्री पोचलो. यंदा सायबाचं शवदर्शन नव्हतं. ते दर दहा वर्षांनी असतं, मागचं २०२४ला झालं. तरी कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, ही रांग. पाद्री प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी दरवर्षीची पाठ यादी म्हटली: मिस्सा चुकवलं, दारू, बायकोवर ओरडलो.

"आणि?"

"चार किलोमीटर."

सगळं ऐकून ते आधी हसले. मग म्हणाले, "जिने पाय धुतले तिला सांगितलंस?" नाही म्हटलं. तीन प्रार्थना देऊन मोकळं केलं. परत जा असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, राग तरी काढता आला असता.

सकाळी फेस्ताच्या मिस्साला बॉम जेझू चर्चच्या त्या गिलावा नसलेल्या जांभ्याच्या भिंतीकडे बघत तिच्या मुलासाठी प्रार्थना सुरू केली. दोनदा अर्ध्यावर सोडली.

दुपारी सगळे परतीच्या टेम्पोत चढले. मी म्हापशाची बस धरली.

बाई बाल्कांवातच होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, गाडीत बसलो होतो म्हणून. पोत्यांचंही सांगितलं. तिने ऐकलं, चष्मा वर केला.

"पांय दाखय."

फोड बसला होता. तिने दोऱ्याचं टोक चिमटीत धरून हळूच ओढलं, कळलंही नाही. मोजे परत द्यायला लागलो तर म्हणाली, घाल, उन्हं आहेत.

घातले. पूल तिथून चार किलोमीटर, सगळे ट्रक समोरून.